सही करण्यापूर्वी वाचा: संस्था, महापालिका आणि आपली मजुरी

वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून पिढ्यान् पिढ्या होड्या समुद्रात जातात. मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये सागरी किनारा रस्त्याचे काम सुरू केले, तेव्हा याच होड्यांच्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर होते साठ मीटर. कोळीबांधवांचे म्हणणे असे की, वारा सुटलेला आणि लाटा उसळलेल्या असताना एवढ्या फटीतून होडी काढणे म्हणजे जीव टांगणीला लावणे. त्यांनी आधी दोनशे मीटर मागितले, पुढे एकशे साठवर आले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, समुद्रात काम अडवले गेले, बैठकांवर बैठका झाल्या. अखेर २०२२ संपून २०२३ उजाडता उजाडता शासनाने १२० मीटर अंतर मान्य केले. मागणी पुरी झाली नाही, पण साठाचे दुप्पट झाले.

हे कसे घडले? कोळीबांधव चिवट आहेत, हे तर खरेच. पण आम्हाला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. १६ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने या रस्त्याची किनारपट्टीसंबंधीची परवानगी रद्द केली. त्या निकालपत्रावर अर्जदार म्हणून नाव आहे 'वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्यव्यवसाय सहकारी सोसायटी'. पुढे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम सुरू करण्यास मुभा दिली, तरीही बोलणी करण्याची वेळ आली तेव्हा समोर बसायला सोसायटी होती. सभासदांची यादी, ठरावाची वही, सही-शिक्का आणि बोलायला निवडून दिलेली माणसे, हे सारे तिच्याकडे होते. आम्ही नोकरीने कारकून आहोत. एकट्या माणसाच्या अर्जाचे काय होते, हे आम्ही चांगले जाणतो. आवक वहीत नोंद होते, शिक्का बसतो आणि फाईल कपाटात जाते. नोंदलेल्या संस्थेच्या पत्राला मात्र कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

म्हणूनच आज आम्ही संस्था आणि सरकारी यंत्रणा यांच्या नात्याविषयी लिहीत आहोत. हा विषय कार्यकर्त्यांपुरता नाही. गल्ली कोण झाडते, शौचालय कोण चालवते, शाळेत खिचडी कोण शिजवते, कचरा कोण उचलते, या सर्व ठिकाणी आज मध्ये एखादी 'संस्था' असते, आणि राबणाऱ्यांत आपल्या माता-भगिनी, आपले भाऊ फार मोठ्या संख्येने असतात. संस्था नीट असेल तर घर उभे राहते. नसेल तर सेवेच्या नावाखाली मजुरी बुडते.

बाबासाहेबांनी घालून दिलेली वाट

काही मंडळी म्हणतात, सरकारचा पैसा घेतला की संस्था मिंधी होते. काही म्हणतात, सरकारच देत नाही तर आपण का राबायचे? दोघांनीही आपल्या इतिहासाकडे पाहावे.

२० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा खर्च सभा करीत होती आणि या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिकेने चाळीस रुपयांचे अनुदान दिले. पुढे १९२८ मध्ये बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षी मुंबई सरकारने आपल्या मुलांसाठी पाच वसतिगृहे मंजूर केली आणि ती चालवण्याची जबाबदारी या संस्थेवर आली. सरकारी रक्कम अपुरी पडू लागली तेव्हा बाबासाहेबांनी समाजाकडे व देणगीदारांकडे हात पसरले, पण वसतिगृहे चालू ठेवली.

यातला धडा साधा आहे. नगरपालिकेचा पैसा हा लोकांच्या करातून आलेला पैसा आहे, तो हक्काने घ्यावा. मात्र संस्था आपली असावी, हिशेब आपल्या हातात असावा, आणि सरकारी पैसा आटला म्हणून काम बंद पडू नये. त्याच बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबईच्या पालिका कामगारांची युनियन उभी केली. म्हणजे एका हाताने अनुदान घेणे आणि दुसऱ्या हाताने कामगाराचा हक्क मागणे यात त्यांना विसंगती वाटली नाही. आपल्यालाही वाटू नये.

शौचालयाची चावी कोणाकडे?

आता मुंबईचे उदाहरण घेऊ. वस्तीतल्या शौचालयाची अवस्था काय असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पूर्वी पालिका किंवा दुसरे सरकारी खाते शौचालय बांधून मोकळे होत असे. पाणी नाही, वीज नाही, दार तुटलेले, साफ करायला कोणी येत नाही, आणि बायाबापड्यांना पहाटे अंधारात रांग लावावी लागते. बांधले सरकारने, वापरले वस्तीने, आणि सांभाळले कोणीच नाही.

१९९५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत मलनिःसारणाचा मोठा प्रकल्प झाला. त्याचाच एक भाग म्हणून वस्ती स्वच्छता कार्यक्रम आला. त्यात पद्धत बदलली. आधी वस्तीने आपली संस्था स्थापन करून नोंदवायची. प्रत्येक घराने वर्गणी भरायची, प्रौढ माणसामागे शंभर रुपये आणि मुलामागे पन्नास. हा पैसा देखभालीसाठी ठेवायचा. मग पालिका शौचालय बांधणार, पाणी व मलवाहिनी जोडून देणार आणि संस्थेशी लेखी करार करून चालवायला देणार. जागा आणि इमारत पालिकेची, चालवणे वस्तीचे. वरच्या मजल्यावर काळजीवाहकाला राहायला खोली, कुटुंबाला महिन्याचा पास. अशी तीनशेहून अधिक शौचालये मुंबईत उभी राहिली. या कामात स्पार्क ही संस्था, जोकिन अर्पुथम यांचे राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाचे जाळे आणि महिला मिलन यांचा मोठा वाटा होता. जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ही पद्धत जिथे चांगली चालली, तिथे तिचे कारण एकच दिसते. वर्गणी घराघरातून आली होती, म्हणून विचारणारेही घराघरात होते. जिथे चार दांडगट मंडळींनी कागदावर संस्था काढली, वर्गणी एकाच खिशातून भरली आणि चावी स्वतःकडे ठेवली, तिथे शौचालय हा त्यांचा धंदा झाला. कराराचा नमुना दोन्हीकडे एकच. फरक पडला तो संस्थेच्या सभासद-नोंदवहीत कोणाची नावे आहेत यामुळे.

'स्वयंसेवक' या शब्दाचा खेळ

आता दुसरी बाजू. ती कडू आहे.

कोळीवाड्यासारख्या दाट वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद असतात की कचऱ्याची गाडी आत शिरत नाही. कोणीतरी घराघरातून कचरा हाताने काढून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये हे काम पालिकेने 'दत्तक वस्ती योजना' या नावाने स्थानिक संस्थांना दिले. २०१३ मध्ये तिचेच नाव 'स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान' झाले. पालिका संस्थेला ठरावीक रक्कम देते, आणि संस्थेने वस्तीतलीच माणसे नेमायची. ऐकायला छान वाटते. वस्तीचे काम वस्तीला, रोजगार शेजारच्याला.

पण या माणसांना कागदावर काय म्हणतात? 'स्वयंसेवक'. आणि त्यांना जे मिळते ते काय? 'मानधन'. वाचकहो, या दोन शब्दांकडे नीट पाहा. स्वयंसेवक म्हणजे जो आपल्या खुशीने, मोबदल्याची अपेक्षा न धरता काम करतो तो. रोज पहाटे ठरल्या वेळी येणारी, मुकादमाच्या हुकुमाने काम करणारी, खाडा झाला तर पैसे कापले जाणारी बाई स्वयंसेवक कशी? ती कामगार आहे. तिला कामगार म्हटले की किमान वेतन आले, भविष्यनिर्वाह निधी आला, रजा आली, अपघात झाला तर भरपाई आली. स्वयंसेवक म्हटले की यातले काहीच नाही.

संध्याकाळी आमच्याकडे लोक कागद वाचून घ्यायला येतात. एक भगिनी आल्या होत्या. सात वर्षे गल्ल्या झाडल्या, गटारे उपसली. एक दिवस संस्था बदलली आणि 'उद्यापासून येऊ नका' असे तोंडी सांगण्यात आले. आम्ही विचारले, काम केल्याचा पुरावा काय? त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचे पाकीट काढले. आत एक ओळखपत्र होते. त्यावर फोटो, संस्थेचे नाव आणि 'स्वयंसेवक' हा शब्द. पगाराची चिठ्ठी नाही, नेमणूकपत्र नाही, पैसे हातात रोख मिळत. सात वर्षांच्या घामाची नोंद कोणत्याच वहीत नव्हती.

ही एकटीची गोष्ट नाही. कचऱ्याच्या गाड्यांवर राबणाऱ्या कंत्राटी कामगारांनी याच अन्यायाविरुद्ध मुंबईत मोठी लढाई दिली. हे कामगार बहुतांश दलित, त्यातही मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून पोटासाठी आलेले. १९९७ मध्ये त्यांची कचरा वाहतूक श्रमिक संघ ही युनियन उभी राहिली. सुरुवातीच्या मागण्या काय होत्या? प्यायला पाणी, हातमोजे, गमबूट. त्या काळी वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या कंत्राटाला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होत नसे. युनियनचे म्हणणे असे की, म्हणूनच कामाचे लहान लहान तुकडे पाडले गेले, कंत्राटदारांनी सेवाभावी संस्थांचा वेष घेतला, कामगारांना 'स्वयंसेवक' आणि पगाराला 'मानधन' म्हटले गेले.

युनियनने २,७०० कामगारांची यादी केली आणि ती औद्योगिक न्यायाधिकरणात गेली. २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितले की ही कंत्राटे केवळ देखावा आहेत, हे कामगार महापालिकेचेच आहेत. महापालिका उच्च न्यायालयात गेली, तिथे हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथेही ७ एप्रिल २०१७ रोजी हरली. २,७०० घरांना कायम नोकरीचा हक्क मिळाला. पण त्यानंतरही यादीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव यांच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे, एवढ्या कारणावरून कित्येकांना ताटकळत ठेवले गेले. काहीजण कायमपणाची वाट पाहतच गेले. कागदातले एक अक्षर गरिबाला किती महाग पडते, हे यावरून कळावे.

'मानधन' या शब्दाची ढाल सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका प्रकरणात बाजूला सारली. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना मिळते ते मानधन, म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असे सांगितले जात होते. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. म्हणजे कागदावर नाव काहीही लिहा, काम काय होते आणि हुकूम कोणाचा होता, हे न्यायालय तपासते.

पुण्याच्या कचरावेचक भगिनी

मग संस्था आणि पालिका यांचे नाते चांगले असूच शकत नाही काय? असू शकते. त्यासाठी पुण्याला जाऊ.

पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला लाभले. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही आपल्याच दलित जातींतल्या. कुत्री अंगावर येत, पोलीस चोर म्हणून धरत, लोक नाक दाबून पुढे जात. पंचायतीने पहिली गोष्ट मागितली ती ओळखपत्र. नव्वदच्या दशकातच पुणे महापालिकेने ते मान्य केले. ओळखपत्र मिळाले तसे पोलिसांना उत्तर देता येऊ लागले. पुढे २००२-०३ पासून त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता पालिका भरू लागली. कारण त्यांनी दाखवून दिले की, आम्ही जो माल वेचतो तो पालिकेला उचलावा लागत नाही, म्हणजे आम्ही पालिकेचा खर्च वाचवतो.

मग त्यांनी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. करारातील मांडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. घराघरातून कचरा गोळा करणाऱ्या भगिनी संस्थेच्या नोकर नाहीत, त्या सभासद आहेत, मालक आहेत. प्रत्येक घर दर महिन्याला ठरलेले शुल्क थेट त्यांच्या हातात देते. सुका माल विकून येणारा पैसाही त्यांचाच. पालिका साधने आणि व्यवस्थापनाचा खर्च देते. मध्ये कंत्राटदार नाही. तीन हजारांहून अधिक कचरावेचक या संस्थेत आल्या.

तिथेही सारे सुखाचे आहे असे नाही. कराराची मुदत २०२० च्या अखेरीस संपली तेव्हा पालिका पुढचा करार करायला कां-कूं करू लागली. काम मोठ्या कंत्राटदाराला द्यावे अशी भाषा सुरू झाली आणि तात्पुरत्या मुदतवाढीवर दिवस काढावे लागले. या भगिनींना रस्त्यावर उतरावे लागले. पण उतरताना त्या अर्जदार म्हणून उतरल्या नाहीत, कराराच्या एका बाजूच्या मालकीण म्हणून उतरल्या. शहरातल्या घराघरांनी त्यांना पाठिंबा दिला, कारण रोज दारात येणारी बाई त्यांना नावाने माहीत होती. मुंबईतही स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर भगिनी' म्हणून कचरावेचक स्त्रियांना संघटित करून पालिकेबरोबर असेच काम केले आहे.

सही करण्यापूर्वी काय पाहावे?

शिक्षणाने आम्ही बी.कॉम. आहोत, म्हणून शेवटी थोडा हिशेबी उपदेश. तुमचे मंडळ, बचत गट किंवा सहकारी संस्था पालिकेचे काम घेणार असेल, किंवा तुम्ही एखाद्या संस्थेमार्फत पालिकेचे काम करणार असाल, तर एवढे जरूर पाहा.

पहिले, संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे? १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा यांखालील संस्था धर्मादाय आयुक्तांकडे असतात. सहकारी संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली निबंधकाकडे. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय तर आपल्या वरळीतच अ‍ॅनी बेझंट रोडवर आहे. तिथे जाऊन संस्थेचे परिशिष्ट-एक मागा. विश्वस्त कोण हे त्यात लिहिलेले असते. नऊपैकी सात एकाच घरातले निघाले तर समजून जा.

दुसरे, करार लेखी आहे काय? मुदत किती, पैसे किती दिवसांत मिळणार, आणि पालिकेने बिल थकवले तर कामगाराचा पगार कोण देणार? पालिकेची बिले महिनोन् महिने अडकतात आणि लहान संस्था व्याजाने पैसे काढून बुडतात. हा प्रश्न आधी विचारावा.

तिसरे, राबणाऱ्याला कागदावर काय म्हटले आहे? 'स्वयंसेवक' लिहिले असेल तर सही करण्यापूर्वी विचारा की हजेरी कोण घेणार, खाडा कोण कापणार. हजेरी असेल तर मजुरी आहे, आणि मजुरी असेल तर ती किमान वेतनापेक्षा कमी नसावी.

चौथे, पैसे बँक खात्यात घ्या. रोख घेतलेल्या पैशाला साक्षीदार नसतो. आपल्या घरीच एक वही ठेवा. तारीख, कामाची जागा, मुकादमाचे नाव, मिळालेली रक्कम. मुले शाळेत जात असतील तर रोज संध्याकाळी त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि सगळ्या कागदांवर आपले नाव एकाच पद्धतीने लिहिले आहे की नाही ते त्यांच्याकडून तपासून घ्या. २,७०० कामगारांचा अनुभव विसरू नका.

पाचवे, माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर पालिकेने कोणत्या संस्थेला कोणते काम, किती रुपयांना, किती माणसांसाठी दिले, हे मागता येते. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. पालिकेने दर माणशी किती दिले आणि तुमच्या हातात किती पडले, या दोन आकड्यांची वजाबाकी करा. ती वजाबाकी संस्थेचा खरा चेहरा दाखवते.

संस्थाचालकांनाही आमचे दोन शब्द. सरकारी काम घेणे यात कमीपणा नाही. २०२० मध्ये मार्चअखेरीस साथीमुळे कोळीवाडा सील झाला, तेव्हा गल्लीबोळांत धान्य आणि औषधे पोहोचवायला प्रशासनालाही स्थानिक माणसांचीच मदत लागली. सरकारला तुमची गरज आहे, हे ओळखून करारात ताठ मानेने बसा. मात्र पालिका स्वस्तात काम करून घेण्यासाठी तुमचे नाव वापरत असेल आणि त्या स्वस्ताईचा भार आपल्याच भगिनीच्या पाठीवर पडत असेल, तर तसले काम घेऊ नका. आपल्याच माणसाला अर्ध्या मजुरीवर राबवून वर्षाला एक जयंती थाटात साजरी केली, तर त्या हारांना काय अर्थ उरला?

येत्या रविवारी आपल्या चाळीत, वस्तीत, विहारात बैठक असेल तर हा विषय घ्यावा. ज्या घरातले माणूस कोणत्याही संस्थेमार्फत पालिकेचे काम करते, त्याने आपले ओळखपत्र आणि असतील ते सारे कागद बरोबर आणावेत. शिकलेल्या मुलामुलींनी ते मोठ्याने वाचून दाखवावेत. पुष्कळांना पहिल्यांदाच कळेल की आपण कागदावर कोण आहोत.